गाल दाबणारं हेल्मेट

ही माझी धाकटी बहीण. हेल्मेट आणि चामड्याची जॅकेटं अंगाला नीट बसवून देण्यात तिचा हात धरणारा कोणी नाही, छातीठोक सांगतो. गिऱ्हाईकाला ती आधी मोटारसायकलवर बसवते, हात पुढे करायला लावते, मग बाही मनगटापर्यंत पोचते का बघते. परगावच्या मोठ्या दुकानाने तिला कामाला बोलावलं. जायच्या आदल्या संध्याकाळी तिने माझं ढिलं हेल्मेट काढून नवं चढवलं आणि धरून गदागदा हलवलं.

"अगं, गाल दाबतंय!"

"दाबायलाच हवं, दादा. डोकं नाही, फुशारकी मोठी आहे तुझी."

जाऊ नकोस म्हणायचं होतं, पण मी हनुवटीखालचा पट्टा आवळत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बसमध्ये बसवून परतलो. गाल तिनेच धरल्यासारखे दाबले जात होते. घर आलं तरी हेल्मेट काढवेना.