येळवशीला मोजलेला रस्ता

आमच्या चौकातली दुभाजकाची फट बंद होणार हे कळलं तेव्हा पहिला प्रश्न आईने विचारला, आणि त्याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. मग मी जाऊ कुठून?

आई सरकारी दवाखान्यात वॉर्डात कामाला आहे. घर रस्त्याच्या अलीकडे, दवाखाना पलीकडे. मधला रस्ता आता एवढा रुंद केलाय की पलीकडचं माणूस ओळखू येत नाही. लातूर वाढतंय, रस्ता वाढायलाच पाहिजे, त्याला आमची हरकत नव्हती. पण नव्या नकाशात आमच्या चौकात सिग्नल नाही, ओलांडायला फट नाही, सलग सिमेंटची भिंत. पलीकडे जायचं तर नांदेडच्या रस्त्याला लागेपर्यंत चाला, वळा आणि तेवढंच परत या. गाडीवाल्याला त्याचं काही वाटत नाही. गुडघे गेलेल्या बाईला ती रोजची शिक्षा आहे.

हरकतींची सुनावणी लागली तेव्हा मी पत्रकं वाटली आणि गल्लीतल्या बायकांना घेऊन गेलो. पुण्याहून आलेल्या सल्लागार कंपनीचा इंजिनिअर पडद्यावर आलेख दाखवत होता. पोरगा माझ्याच वयाचा, बोलायला सभ्य. म्हणाला, दिवसभर कॅमेरा लावून मोजलंय, या चौकात वाहतूक फारशी नाही. पायी ओलांडणारे तर नगण्य. आई माझ्या शेजारी बसली होती. नगण्य.

मोजलं कधी, असं मी विचारलं. त्याने तारीख सांगितली. कॅलेंडर बघून, सण-सुट्टी टाळून, साधा कामाचा वार निवडला होता म्हणे. मागच्या रांगेतली एक बाई हसली. मग सगळी रांग हसली. त्याला कळेना काय झालं.

येळवस होती ती. तिकडच्या लोकांना सांगावं लागतं म्हणून सांगतो. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्याकडे शहरात माणूस राहत नाही. ज्याला शेत आहे तो शेतात, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या शेतात. कडब्याची कोपी घालून पूजा, मग जेवायला भज्जी, उंडे आणि प्यायला ताकातली आंबील. दुकानांना कुलपं, रिक्षा बंद, रस्त्यावर कुत्री. त्या दिवशी लातूरची वाहतूक मोजणं म्हणजे आषाढात उन्हाळा मोजणं.

मंचावर सरकारी खात्याचे, आमच्याच भागातले एक अभियंता साहेब बसले होते. मी त्यांना विचारलं, साहेब, तुम्हाला तर ठाऊक होतं.

ते मोकळेपणाने म्हणाले, "यांनी फोनवर विचारलं, त्या दिवशी मोर्चा, बंद, मिरवणूक काही हाय का. मी म्हणालो, न्हाई, सगळं शांत असतंय."

"आणि तुम्ही कुठं होता?"

"मेहुण्याच्या शेतात. औशाकडं. तू कुठं होतास?"

सभागृह पुन्हा हसलं. मीही शेतातच होतो, दुसरीकडे कुठे असणार? मग कुणीतरी त्या पुण्याच्या पोराला आंबील म्हणजे काय ते समजावून सांगायला लागलं, आंबील कुणाची चांगली यावर दोघांचा वाद झाला, आणि पुढच्या येळवशीला त्याला जेवायचं आवतण मिळालं. मी फेरमोजणी मागत होतो. उत्तर मिळालं की ठेकेदाराला काम देऊन झालंय, पुढच्या टप्प्यात बघू.

पुढचा टप्पा हा शब्द मला आता कुठे दिसला तरी चीड येते. चूक सगळ्यांनी कबूल केली. कुणी लपवली नाही, कुणी भांडलं नाही. कबूल केलेल्या चुकीचं पुढे काय करायचं असतं, हे मात्र त्या मंचावर कुणालाच माहीत नव्हतं.

मी त्यावर पत्रक काढलं, खाली मोर्च्याची तारीख टाकली. गावभर फिरलं, मोबाइलवर तर नांदेडपर्यंत गेलं. लोक भेटून सांगायचे, लई भारी लिहिलंस, पोट धरून हसलो. मोर्च्याला त्यातलं कुणी आलं नाही. विनोद सगळ्यांनी घेतला, मागणी माझ्याकडेच राहिली.

दुभाजकाचा शेवटचा तुकडा बसवला त्या सकाळी आम्ही मोजके जण घोषणा देत उभे होतो. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, ऑर्डर आणा, लगेच फोडतो. तेवढ्यात आई ड्युटीच्या साडीत आली. तिने भिंतीकडे पाहिलं, नांदेडच्या रस्त्याकडे पाहिलं.

"आई, आम्ही बोलायलाव यांच्याशी," मी म्हणालो.

"बोल बाबा, तू बोल. मला उशीर व्हायलाय. हात दे."

मी हात दिला. ती निऱ्या आवळून वर चढली आणि गुडघा धरून दुभाजकावर उभी राहिली. पलीकडच्या बाजूने ट्रक येत होता. मी दुभाजकावरून पलीकडे उडी मारली, थांबायला हात केला. ट्रक थांबला नाही. त्याच्या मागचाही थांबला नाही. आई वरच उभी होती.