ममताचा सल्ला

उमेश मुंबईहून परीक्षा देऊन आला त्या संध्याकाळी आईने, गोदाबाईंनी, कोंबडी कापली, नागलीच्या भाकऱ्या थापल्या आणि शेजारच्या हौशीकाकूंकडे वाटीभर रस्सा पाठवून दिला. म्हणजे पोरगा आल्याची बातमी आपोआप आळीभर झाली. थोरल्या बहिणीने, ममताने, डोकं दुखतंय म्हणून दोन घास खाऊन ताट सारलं. डोकं तिचं दुखत नव्हतं. आईने उमेशच्या ताटात तंगडी वाढली, मग काळीज वाढलं आणि ममताकडे वळून विचारलं, "तुला रस्सा पुरे ना?" एवढंच काय ते झालं होतं.

पण हे एवढंच काही आजचं नव्हतं. जव्हारच्या त्या दोन खोल्यांत ते लहानपणापासून चालत आलं होतं. वडील, जिव्या गुरुजी, साखरशेतचे. भातशेतीच्या घरातून शिकून मास्तर झालेले पहिलेच. संध्याकाळी ते दोन्ही पोरांना समोर बसवून एकच गणित घालायचे. ममता दोन वर्षांनी मोठी, आणि डोक्यानेही चलाख. तिचं उत्तर आधी यायचं. गुरुजी तिला बजावायचे, "आलं तरी बोलायचं नाही. धाकट्याला विचार करू दे." मग ती ओठ मिटून बसून राहायची. उमेश बोटं मोडायचा, पाटी पुसायचा, आणि शेवटी त्याचं उत्तर आलं की गुरुजी त्याच्या पाठीवर थाप मारायचे.

ममता नाशिकला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, गणित घेऊन शिकत होती तेव्हा गुरुजी काविळीने गेले. उमेश बारावीत होता. अनुकंपेवर घरात एकाला नोकरी मिळणार होती. आईने, मामांनी आणि गुरुजींच्या शाळेतल्या दोघा मास्तरांनी बसून ठरवलं की मुलीने नोकरी घ्यावी, मुलाने शिकावं. ममता तेव्हा आत चहा गाळत होती. कप बाहेर घेऊन आली तोवर ठरून गेलं होतं.

मोखाड्याच्या पंचायत समितीत ती टंकलेखन करणारी कारकून झाली. रोज जव्हारहून एसटीने जायचं, एसटीने यायचं. वावर-वांगणीत कुपोषणाने पोरं दगावली त्या वर्षी मोखाड्यालाही चौकशीच्या गाड्यांची रीघ लागली, आणि पोरांच्या वजनांचे तक्ते टाइप करून करून तिची बोटं सुजली. त्याच दिवसांत उमेश मुंबईच्या वसतिगृहातून पत्र पाठवायचा. त्यात समुद्र असायचा, नाटक असायचं, मित्रांची नावं असायची. आई ते पत्र ममताकडून वाचून घ्यायची, आणि ममता समुद्राचा भाग गाळून वाचायची.

हेवा माणसाला आवाज न करता खातो म्हणतात. ममताच्या बाबतीत तो कामाला लागला होता. उमेशचे शर्ट ती इस्त्री करायची आणि मनात म्हणायची, हा शर्ट घालून हा कुठे कुठे जाणार. त्याला ठाण्याच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा पेढे तिनेच वाटले. बाजारात कुणी म्हणालं, "भाऊ इंजिनिअर झाला, नशीब काढलंत," की ती हसून मान हलवायची आणि घरी येऊन भांडी अंमळ जोरात घासायची.

शहाण्णवच्या गणपतीला उमेश आला तो एक जाडजूड पुस्तक घेऊन. अमेरिकेत व्यवस्थापनाचं शिक्षण घ्यायचं तर ही परीक्षा द्यावी लागते, म्हणाला. जाताना पुस्तक राहिलं. दुसरं मिळालंय, ते असू दे घरी, असं त्याने कळवलं. ममताने ते सहज चाळलं आणि मग बसमध्ये सोडवायला घेतलं. त्यात एक निराळीच तऱ्हा होती. गणिताचं उत्तर काढायचंच नाही, फक्त सांगायचं की दिलेली माहिती उत्तराला पुरेशी आहे की नाही. ही गणितं तिला फार आवडली. जव्हारच्या घाटातली वळणं सरायची, मोखाडा यायचं आणि कंडक्टर म्हणायचा, "बाई, उतरा की." परीक्षेच्या शनिवारी ती कचेरीत बसून घड्याळ बघत राहिली. आता तो पहिला भाग सोडवत असेल, आता दुसरा. तिला स्वतःला तिथे बसलेली दिसत होती, हातात पेन्सिल, बाहेर मुंबई.

कोंबडीच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी उमेश ओट्यावर तिच्याजवळ येऊन बसला. चेहरा उतरलेला. ठाण्याला सुट्टी टाकून आला होता.

"ताई, पेपर कसा गेला तेच कळत नाहीये," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. एका भागात घाबरून तो गडबडला, काही प्रश्न सोडून दिले, काहींवर अंदाजाने खुणा केल्या. आता नियम असा होता की आठवड्याच्या आत फॅक्सने कळवलं तर पेपर रद्द करता येतो. मग गुण कुणालाच दिसत नाहीत, आपल्यालाही नाही. रद्द नाही केला तर जे काही गुण पडतील ते कायमचे चिकटतात, आणि पुढच्या वेळी चांगले पडले तरी कॉलेजवाल्यांना आधीचेही दिसतात. रद्द केला तर या वर्षाचे अर्ज हुकणार. ठाण्यातल्या मित्रांना विचारलं तर प्रत्येकाने वेगळं सांगितलं होतं.

ममताने विचारलं, "कुठली गणितं आठवतात?"

त्याला बरीच आठवत होती. तो सांगत गेला, ती ऐकत गेली. अंदाजाने केलेली म्हणून त्याने जी सांगितली, त्यातली जवळजवळ सगळी बरोबर होती. सोडलेल्या प्रश्नांना गुण कापत नाहीत हेही पुस्तकात लिहिलं होतं, घाबरून तो विसरला असावा. शेवटचं गणित सांगून होईतो ममताला स्वच्छ कळून चुकलं होतं की पेपर चांगला गेलाय. नुसता चांगला नाही, फार चांगला.

आणि पुढचं सगळं तिला दिसू लागलं. हा जाणार. विमानात बसणार. आई आणखी एक कोंबडी कापणार. आपण याच ओट्यावर बसून याची पत्रं वाचणार, आणि त्यातला समुद्र आता आणखी मोठा असणार.

"रद्द कर," ती म्हणाली.

उमेशने तिच्याकडे पाहिलं. "नक्की?"

"फार चुकलंय. उगाच डाग कशाला लावून घेतोस? पुढच्या वर्षी दे."

"बरं," तो म्हणाला. जव्हारच्या एसटीडी बूथवर फॅक्स नव्हता. गुरुवारच्या सकाळच्या बसने नाशिकला जाऊन पाठवतो, म्हणाला. तीच बस मोखाड्यावरून जायची, म्हणजे तिथवर दोघं बरोबर जाणार होती.

मधले दिवस ममताने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. पहिल्या दिवशी तिला गोड वाटलं, खोटं कशाला बोला. कचेरीत ती शेजारच्या टेबलावरच्या कोंडीबाईंशी नको इतकं हसून बोलली. दुसऱ्या दिवशी तो गोडवा विटला. एक पत्र तीनदा टाइप करावं लागलं. घरी आली तर उमेश आईला पाणी भरून देत होता, आणि आई म्हणाली, "पोराचं त्वांड बघ कसं सुकलंय. तू काय ता समजाव त्याला." ममता म्हणाली, समजावलंय. बुधवारी ती दोनदा त्याच्याजवळ गेली आणि दोनदा काहीतरी भलतंच विचारून परत आली. खरं सांगायचं तर का सांगायचं, आणि इतके दिवस काय करत होतीस असं त्याने विचारलं तर काय, हे तिला सुटेना.

गुरुवारी बस निम्मी रिकामी होती. खिडकीबाहेर भातं कापणीला आलेली, वरकस, खडकाळ उतारावर नागली पिवळी पडलेली. उमेशच्या खिशात रद्द करण्याचा अर्ज होता. कंडक्टर आला. ममता तिच्या पासासाठी पर्स उघडत होती, तोवर उमेश म्हणाला, "एक मोखाडा."

ममताला वाटलं, आपल्यासाठीच मागतोय. "मला पास आहे," ती म्हणाली. "तू नाशिकचं काढ."

"मी नाशिकला जात नाहीये," उमेश म्हणाला. "मोखाड्यापर्यंत तुझ्याबरोबर येतो, मग परत."

"आणि अर्ज?"

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला आणि तिच्या हातात दिला. मग समोरच्या सीटकडे बघत, हळू आवाजात म्हणाला, "तू रद्द कर म्हणालीस ना, तेव्हाच मला कळलं पेपर चांगला गेलाय."

ममताला वाटलं बस थांबावी आणि आपण इथेच, या रानात उतरावं. बस थांबली नाही. तिने कागद मुठीत चुरगळला आणि मोखाडा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

मोखाड्याला बाजाराचा दिवस होता. जीपवाले ओरडून माणसं भरत होते, सुक्या मासळीचा वास सुटला होता. स्टँडच्या कडेला चहाच्या टपरीवर उमेशने दोन चहा सांगितले. ममता बसली नाही, उभीच राहिली.

"मग विचारलंस कशाला?" ती म्हणाली. "एवढं सगळं ठाऊक होतं तर माझी परीक्षा घेतलीस?"

"नाही. आई म्हणाली असती देव चांगलं करील. मित्र काहीही म्हणतात. तू माझ्यावर जळतेस, म्हणजे तू नीट मोजून बघणार हे मला माहीत होतं. गणितं ऐकताना तुझा चेहरा मी बघत होतो. जसजशी उत्तरं जुळत गेली तसतसा तो पडत गेला."

ममताचे डोळे भरले, पण रागाने. "हो, जळते. जळू नको तर काय करू? बाबा गेले तेव्हा मला विचारलं कुणी? मी आत चहा गाळत होते."

"मलाही कुणी विचारलं नव्हतं ताई. तुझ्या नोकरीवर मी शिकलो. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, पण एक दिवससुद्धा विसरू दिलं नाहीस. मी नापास व्हायला घाबरायचो ते काही परीक्षेला घाबरून नव्हे."

चहा आला. दोघांनी उभ्यानेच प्यायला. ममताने कप टपरीच्या फळीवर ठेवला आणि ती म्हणाली, "शेवटून दुसरं गणित चुकलंय तुझं. तेवढंच. बाकी सगळं बरोबर आहे." आणि ती कचेरीकडे निघून गेली.

गुण आले ते तिने ताडले होते त्याच्या आसपासच. पुढच्या वर्षी पावसाळ्यात उमेश अमेरिकेला गेला. ममता त्याला सोडायला विमानतळावर गेली, हार घातला, आणि काचेपलीकडे तो दिसेनासा झाल्यावर तिला जे वाटलं ते दुःख नव्हतं. मत्सर होता तसाच होता. फरक एवढाच की आता तो दोघांनाही ठाऊक होता. पहिल्या हिवाळ्यात जव्हारच्या एसटीडी बूथवर उमेशचा फोन आला, एका विषयात वर्गात सगळ्यात खाली आहे म्हणून सांगताना त्याचा आवाज कापत होता. ममता म्हणाली, "खरं सांगू? ऐकून बरं वाटलं." पलीकडे उमेश इतका हसला की बूथवाल्यालाही ऐकू गेलं असेल.

नंतर तिने मुक्त विद्यापीठातून राहिलेली पदवी घेतली. खात्यातली स्पर्धा परीक्षा दिली, पहिल्या वेळी आपटली, दुसऱ्या वेळी निघाली आणि त्याच पंचायत समितीत विस्तार अधिकारी झाली. मधे लग्न झालं, मुलगी झाली. गोदाबाई नातीला सांभाळायला लागल्या. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला. ममता आता टेबलापाशी कमी आणि जीपमध्ये जास्त असायची.

दोन हजार पाचच्या सुमारास उमेश महिनाभर घरी आला. तिकडची त्याची कंपनी बंद पडली होती. नवी नोकरी मिळेल, तो म्हणायचा, पण दिवसभर घरात बसून कंटाळायचा. एक दिवस ममता त्याला आपल्याबरोबर फिरतीवर घेऊन गेली. एका पाड्यावर अंगणवाडीपुढे पुतळी नावाच्या म्हातारीने ममताला गाठलं आणि आहाराची पाकिटं वेळेवर येत नाहीत म्हणून चांगलंच फैलावर घेतलं. ममताने सगळं ऐकून घेतलं, तिथेच सेविकेला बोलावून उलट तपासलं, सोमवारी मी स्वतः येते म्हणाली. म्हातारी थंड झाली आणि तिने ममताच्या हातात काकडी ठेवली. बायका जमल्या, एकीने मूल मांडीवर दिलं, एकीने जमिनीचं प्रकरण काढलं. उमेश कोण, कुठला, हे कुणी विचारलं नाही. तो जीपला टेकून उभा होता.

ममताचं लक्ष त्याच्याकडे गेलं. तो तिच्याकडे, तिच्याभोवतीच्या बायकांकडे बघत होता, ओठ मिटून. ती नजर ओळखायला ममताला वेळ लागला नाही. तिने ती आरशात पुष्कळ वर्षं पाहिली होती.

तिने काकडीचे दोन तुकडे केले, मोठा त्याला दिला, आणि ड्रायव्हरला जीप काढायला सांगितलं.