बिनशब्दांची लग्नपत्रिका

जगात शिकण्यासारखं जेवढं आहे तेवढं सगळं चित्रात मावतं आणि जे मावत नाही ते शिकायची गरजच नाही, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे डोंबिवलीत आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहणारे काका! कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात दिवसभर यंत्रांचे नकाशे काढूनही त्यांचं मन भरत नसे. घरी येऊन पायजमा चढवला की पेन्सिल हातात आलीच. "शब्द म्हणजे ऐकीव माहिती रे," ते मला म्हणायचे, "चित्र म्हणजे प्रत्यक्ष पुरावा!" त्यांच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर औषधालाही अक्षर नव्हतं. साखरेच्या डब्यावर मुंगी, चहाच्या डब्यावर हसऱ्या काकू आणि तिखटाच्या डब्यावर रागावलेल्या काकू. काकू हौसेनं नावांच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि काका तितक्याच हौसेनं त्या सोलून काढायचे. डाळींची चित्रं मात्र सगळी सारखीच दिसत, त्यामुळे त्यांच्याकडे आमटी कसली होणार हे पानात पडेपर्यंत कुणालाच कळत नसे.

मी नववीत असताना पचनसंस्था माझ्या डोक्यात काही केल्या शिरेना. काकांनी पुस्तक मिटलं, खडूचा डबा घेतला आणि बिल्डिंगचा अख्खा जिनाच रंगवला. तिसऱ्या मजल्यावर तोंड, दुसऱ्यावर जठर, मग पायऱ्यापायऱ्यांवरून वळणं घेत उतरणारं लहान आतडं! आम्ही पोरं घास होऊन वरून खाली धावत सुटलो आणि मोठ्यानं ओरडून आपण आता कुठे आहोत ते सांगत राहिलो. अडचण एवढीच झाली, की मोठं आतडं जिथे संपत होतं तिथे सोसायटीच्या सेक्रेटरींचं दार होतं. त्यांनी दार उघडून खाली पाहिलं, वर पाहिलं आणि काकांना मीटिंगला बोलावलं. पण परीक्षेत त्या प्रश्नाला बिल्डिंगमधल्या एकाही पोराचा अर्धा मार्कसुद्धा गेला नाही!

पुढे काकांच्या मुलीचं, म्हणजे आमच्या ताईचं, लग्न ठरलं. ठरलं म्हणजे तिनं ऑफिसातच ठरवलं होतं. मुलगा खडवलीचा, शेतीभातीचं मोठं घर, मानपानाला पक्कं. जात वेगळी, रीतभात वेगळी. त्यांच्याकडच्या वडीलधाऱ्यांनी कसाबसा होकार दिलेला, त्यामुळे ताईचा जीव टांगणीला लागलेला. अशा वेळी माणूस पत्रिका कशी जपून छापेल! काकांनी चित्रांची छापली. वरती गणपती, खाली हॉल, मुहूर्ताचं घड्याळ आणि मधोमध मुलाकडचे सगळे लोक एखाद्या ग्रुप फोटोसारखे ओळीनं बसलेले. त्यासाठी काका बैठकीच्या वेळी खडवलीला प्रत्येकाचा चेहरा निरखून आले होते. तारखेचा आकडा त्यांनी नाइलाजानं घातला, तोही आकडा म्हणजे अक्षर नव्हे अशी स्वतःची समजूत घालून. काकू रडवेल्या होऊन म्हणाल्या, "अहो, निदान मुलीचं नाव तरी घाला!"

"नाव कशाला? अख्खी मुलगी काढलीय की!" काका म्हणाले.

पहिली पत्रिका द्यायला काका खडवलीला निघाले, तेव्हा पेढ्यांची पिशवी धरायला मीही गेलेलो. मुलाच्या थोरल्या चुलत्यांनी पत्रिका उघडली आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. नेहमीच्या अक्षरी पत्रिकेत त्यांचं नाव सगळ्यांच्या वर आलं असतं. पण चित्रात उंचीप्रमाणे सगळं आलं होतं आणि ते होते घरात सगळ्यांत बुटके!

"आमच्यात मोठा कोन ते तुम्हांला ठाव नाय?" ते कडाडले. "धाकट्याला माज्यापेक्षा मोठा केलाय! ऱ्हाऊ द्या तुमचं लगीन."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी खिशातून खोडरबर काढला. छापलेल्या पत्रिकेवर खोडरबर! मला हसूही येईना आणि रडूही. डोळ्यांपुढे घरी वाट बघत बसलेली ताई दिसत होती.

तेवढ्यात कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या मुलाच्या आजीनं हात पुढे केला. त्या चुलत्यांच्या आई. पत्रिका मांडीवर घेऊन त्या एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवू लागल्या. ही सून, हा नातू, ही धाकटी सून तर नागीणच हाय. मग थोरल्यावर बोट थांबलं आणि त्या खदखदून हसल्या. "अरं, तू हायसच बुटका! पन माज्या मांडीजवल बसवलाय ना तुला? मंग?"

मग बोट आणखी वर सरकलं. चित्रातल्या आजींच्या डोक्यामागे, भिंतीवर, हार घातलेली एक तसबीर होती. काकांनी त्यांच्या गेलेल्या यजमानांनाही सोडलं नव्हतं. आजींनी त्या हारावरून बोट फिरवलं.

"दर लग्नाला पोरं सांगतात, आये, पत्रिकेत तुजं नाव हाय," त्या हळूच म्हणाल्या. "मना कुटं वाचता येतं? आज मी मना सोता बगितली."

थोरल्यांनी पत्रिका परत मागून घेतली, डोळ्यांजवळ धरली आणि घसा खाकरून म्हणाले, "टोपी मातुर बरोबर काढलीय." पेढ्यांचा पुडा फुटला! मी तर तिथेच टाळ्या वाजवल्या.

परत येताना खडवली स्टेशनवर काका बाकावर गप्प बसले होते. एवढा मोठा विजय, आणि माणूस गप्प! शेवटी म्हणाले, "अरे, त्यांना वाचता येत नाही हे मला माहीतच नव्हतं." त्या दिवशी मला ते फार आवडले.

नव्वदचं दशक संपता संपता काका गेले. आता काकूंनी डब्यांवर कितीही चिठ्ठ्या चिकटवल्या तरी त्या सोलून काढणारं घरात कोणी नाही. पण त्यांनी अजून एकही चिकटवलेली नाही. परवा गेलो तेव्हा त्या डबे घासत होत्या. साखरेच्या डब्यावरची मुंगी पुसट झालीय, म्हणून तेवढी जागा सोडून त्या बाकीचा डबा घासतात.