वार सांगणारे आप्पा

आप्पांना माइक लागत नसे. देवळाच्या कट्ट्यावर उभं राहून त्यांनी हाळी दिली की ती ओढ्यापलीकडच्या मळ्यातही ऐकू जायची. यात्रेआधीचे मंगळवार आमच्या गावात वार म्हणून पाळले जात. त्या दिवशी औत धरायचं नाही, कुदळ मारायची नाही, दळायचंसुद्धा नाही. आदल्या संध्याकाळी गल्लीगल्लीतून ते सांगत फिरण्याचा मान आप्पांच्या घराकडे होता. "उद्या वार हाय रं! औत जुंपू नगासा!"

बेळगाव वाढत वाढत आमच्या उंबऱ्याशी आलं. ओढ्याचं गटार झालं, मळ्यांचे प्लॉट पडले, बैल तर मुलांना दाखवायलाही उरले नाहीत. आप्पांची हाळी मात्र तीच राहिली. एकदा नव्या अपार्टमेंटमधल्या एका बाईंनी ती ऐकून तिसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडली आणि हिंदीत भाजीचा भाव विचारला. आप्पा मान वर करून म्हणाले, "इकाय काय न्हाई आक्का. वार सांगालोय." बाईंनी रिकामी पिशवी वर ओढून घेतली. मला हसू आलं, आप्पांना नाही.

त्यांचा हट्ट एवढाच, की सगळ्यांनी मिळून एक दिवस हात आवरला तर गाव आहे. "पंचायत गेली, जाऊ दे. शिवार गेलं. वार हाय तवर आपण गाव हाय गं," असं ते मला सांगत. एकदा वाराच्या दिवशी स्लॅब पडत होता, तर हे थेट मिक्सरसमोर जाऊन बसले. ठेकेदार तणतणला. पण कामावरची कन्नड माणसं आपापसात काहीतरी बोलली आणि त्यांनी घमेली खाली ठेवली. त्यांच्या गावाकडेही वार असतो. आप्पांनी त्या सगळ्यांना घरी नेऊन चहा पाजला, आठवडाभर गावभर तेच सांगत हिंडले. पुढच्या वर्षी तयार काँक्रीटच्या गाड्या आल्या. त्यांच्या काचा बंद होत्या. आणि आप्पांचा स्वतःचा मुलगा, कारखान्यात नोकरीला असलेला, डबा घेऊन त्यांच्यासमोरून निघाला. "आप्पा, सायबाला वार म्हणून काय सांगू?" एवढंच म्हणाला. काय सांगणार बिचारा!

गेल्या यात्रेआधी, म्हणजे आप्पा वारले त्याच्या थोडं आधी, त्यांनी देवीच्या गाऱ्हाण्याला सगळ्यांना बोलावलं. गाऱ्हाण्याला घरटी एक माणूस लागतो. आप्पा देवीकडे मागणं मागणार, पुरुषांनी पुढे उभं राहून "व्हय" म्हणायचं, बायकांनी मागे गप्प उभं राहायचं, अशी रीत. आले किती? गुरव, मुलगा आणि दोन म्हातारे. मागे मी एकटी, शाळेतून रजा काढून आलेली.

आप्पांनी हात जोडले. "आई, हितनं म्होरं वार मोडला तर कुणावर कोपू नगंस. नव्यांस्नी ठावं न्हाई, आमच्यांस्नी सवड न्हाई. गावाला वारातनं मोकळं कर."

पुढून "व्हय" येईना. मुलगा जमिनीकडे बघत राहिला, म्हातारे डोळे पुसायला लागले. आप्पा मागे वळले.

"मास्तरीण, तू म्हण. गाऱ्हाणं अर्धं ऱ्हाऊ नये."

नका हो आप्पा, असं म्हणायचं होतं मला. मी "व्हय" म्हणाले. त्यांनी नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.