पाण्यात उतरणारा रस्ता

आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावणाऱ्या आमच्या डॉक्टरीणबाई रविवारी पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून धरणात बुडी मारायच्या. औरंगपुऱ्यात कापडाच्या दुकानावर त्यांचा दाताचा दवाखाना होता. दाढ काढताना पेशंटनं भीतीनं श्वास रोखला की त्या हात थांबवायच्या. "श्वास कोंडायचा नाय. सोड." पाण्यात उतरण्याआधी आम्हालाही हेच वाक्य, याच आवाजात. मी त्यांच्याकडे आधी अक्कलदाढ घेऊन गेले आणि मग बुडी शिकायला.

त्यांचं गाव धरणात गेलं तेव्हा त्या शाळेत होत्या. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी मालवणला सहलीला गेल्या असताना बुडी मारायला शिकल्या, आणि परतीच्या वाटेवर नवऱ्याला म्हणाल्या, "आता मला गावाला जाता येईल." नवऱ्याला ती चेष्टा वाटली. पण पुढच्याच हिवाळ्यात त्यांनी जुनी साधनसामग्री मिळवली, हवा भरायचा कॉम्प्रेसर आणला आणि फ्रिज दुरुस्त करणाऱ्या रफिकभाईंना तो सांभाळायला शिकवलं. कुणी त्या सिलिंडरला ऑक्सिजन म्हटलं की दोघंही एकदम म्हणत, "ऑक्सिजन नाही, साधी हवा!"

पैठणच्या सडकेवरून फुटून, कपाशीच्या रानांतून त्यांच्या गावाला जाणारा खडीचा जुना रस्ता सरळ पाण्यात उतरायचा. आम्हीही त्यावरून चालतच उतरायचो. आधी घोटे बुडत, मग गुडघे, मग कंबर, आणि पायाखाली रस्ता तसाच चालू. कोळ्यांच्या होड्या तिथूनच निघत, म्हशी तिथंच डुंबत. बाकी सगळीकडे काठाला गाळ होता, पाठीवरच्या ओझ्यासकट माणूस मांडीपर्यंत रुतायचा. बुडी मारणाऱ्याला धड उतरायला तेवढी एकच जागा.

खाली पाहण्यासारखं काही नव्हतं. हिरवट गढूळ पाणी, हातभर पुढचं दिसायचं नाही. डॉक्टरीणबाई चाचपडत पुढे जात आणि शाळेच्या भिंतीवर तळवा टेकून थांबत. उन्हाळ्यात पाणी हटलं की वरची आळी उघडी पडायची, लोक फोटो काढायला जात. त्या मात्र तेव्हा तिकडे फिरकत नसत. म्हणत, "चिखलात बघवत नाय गं. पाण्यात असलं की कसं झाकलेलं असतं."

मग त्या बाजूला फार्महाउसं झाली, आणि त्यांच्या मागोमाग एक मोठं रिसॉर्ट. एका रविवारी गेलो तर रस्त्यावर लोखंडी फाटक. सुरुवातीला वॉचमन सोडायचा, नंतर सोडेना. मॅनेजर सभ्य माणूस होता. म्हणाला, "मॅडम, तिकीट काढून या. आमच्या धक्क्यावरून उतरा, फोटोही काढून देऊ."

"माझ्या गावाला जायला तिकीट?" एवढंच बोलून त्या वळल्या.

त्यानंतर रस्ता खुला करून मागायला त्या तहसील कचेरीत खेटे घालू लागल्या. दवाखान्याबाहेर पेशंट गाल धरून बसलेले आणि बाई साहेबांच्या दाराशी. मी एकदा सोबत होते. साहेबांनी नकाशा उलगडून पाहिला आणि हसून विचारलं, "बाई, गावच राहिलं नाही, तर हा रस्ता जातो कुठं?"

"गावाला जातो, साहेब. मी परवा-परवापर्यंत जात होते."

साहेबांनी नकाशा मिटला.

शेवटी त्या गावकऱ्यांची साथ मागायला, उठवून बसवलेल्या नव्या गावात गेल्या. त्यांना वाटलं होतं, ही तर आपलीच माणसं. पारावर पंधरा-वीस जण जमले, चहा झाला. त्यांच्या चुलत्यांच्या वयाचे एक आबा म्हणाले, "बाई, तुमचं खरं हाय. पण आमची पोरं त्या रिसॉर्टात कामाला हायेत. रस्ता मागून त्यांच्या पोटावर पाय कशाला द्यायचा? आन् त्या पान्यात आता हाय काय?" बाईंनी आबांना नमस्कार केला आणि त्या उठल्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "आबा खोटं नाय बोलले."

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला रिसॉर्टमधल्या लग्नातला एक तरुण पाहुणा बुडाला. मॅनेजरनं स्वतः फोन केला. बाई पेशंटला तसंच खुर्चीवरून उठवून निघाल्या. त्या दिवशी फाटक सताड उघडं होतं. रफिकभाईंनी काठावर दोर धरला, बाई जुन्या रस्त्यानंच खाली गेल्या. दोनदा रिकाम्या हातानं वर आल्या. रफिकभाई म्हणाले, "बाई, अब नक्को. थक गए तुम." त्या पुन्हा गेल्या. तो मुलगा त्यांना शाळेच्या भिंतीशी सापडला. वर आणल्यावर त्यांनी त्याचा उघडा राहिलेला जबडा दोन बोटांनी हळूच मिटवला आणि मगच आईला जवळ येऊ दिलं. मॅनेजर हात जोडून रडत होता.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. फाटक बंद. वॉचमन खाली बघत म्हणाला, "मॅडम, त्या दिवशीची गोष्ट वेगळी व्हती."

पावसाळ्यानंतर कचेरीचा निर्णय आला. वापरात नसल्यामुळे रस्ता नकाशावरून वगळण्यात येत आहे. बाई चिडल्या नाहीत, वकील गाठला नाही. दुसऱ्या दिवशी दवाखाना वेळेवर उघडला. आम्ही रविवारचं विचारायचो, तर म्हणायच्या, "गुडघे दुखतात." कॉम्प्रेसर रफिकभाईंच्या दुकानात धूळ खात राहिला. मला वाटायचं, त्या पुन्हा उठतील, भांडतील. त्या उठल्या नाहीत. दोन हिवाळे गेले, नवरा गेला, आणि मग एका दुपारी दवाखान्यातच, पेशंटची वाट बघत, खुर्चीत बसल्या बसल्या बाई गेल्या.

अस्थी गावावरच्या पाण्यातच सोडायच्या, असं त्यांनी मुलीला सांगून ठेवलं होतं. मुलगी परदेशातून आली होती. ती, मी आणि रफिकभाई फाटकापाशी गेलो. आतून बँडचा आवाज येत होता. वॉचमन नवा होता. त्यानं आत फोन करून विचारलं आणि म्हणाला, "आज लग्न हाय, ताई. असलं काही पाहुण्यांसमोर बरं नाय दिसत. परवा या." मुलीचं परवा पहाटेचं विमान होतं.

आम्ही धरणाच्या खाली, पैठणच्या घाटावर गेलो. धरणाचे दरवाजे बंद होते. नदीत पाणी घोट्याएवढं, तेही थांबलेलं. मुलीनं कलश उपडा केला, पण अस्थी जागच्या हलेनात. पायरीशीच साचून राहिल्या.  मग रफिकभाईंनी चपला काढल्या, पायजमा वर दुमडला आणि मुलीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. ते पाण्यात उतरले आणि वाकून, दोन्ही हातांनी, थोड्या थोड्या अस्थी पुढे लोटत राहिले.