एकाच सेफेरचा सण

आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये सेफेर येणार हे ठरलं, त्या दिवसापासून माझे पाय जमिनीवर ठरेनात. नागपुरात आम्हां बेने इस्राएलांची, मराठी ज्यूंची, घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सिनेगॉग नाही, आणि सेफेर, म्हणजे आमच्या मोशे पैगंबराच्या धर्मग्रंथाची, तोराची, हातानं लिहिलेली लांबलचक चामडी गुंडाळी, ती तर नाहीच. सिम्हाथ तोराच्या सणाला तिचा शेवट वाचायचा आणि त्याच बैठकीत लगेच पहिल्यापासून सुरुवात करायची. सत्तर-बाहत्तरचा तो सुमार. लग्नाला तीन वर्षं झाली तरी हा सण मी इथे पाहिला नव्हता. यंदा आमचे हे स्वतः मुंबईला जाऊन ती घेऊन आले. तिला खालचा बर्थ दिला आणि आपण ट्रंकेवर बसून आले.

पण वाचणार कोण? चालीवर वाचणारा गावात माणूस एकच, माझे सासरे, रिटायर्ड गार्ड. आणि त्यांचा धाकटा मुलगा, माझा दीर, उन्हाळ्यात काविळीनं गेला, तेव्हापासून त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक हातात धरलं नव्हतं. चहा देताना मी विषय काढलाच.

"शेवटी काय हाय, ठाऊक हाय ना तुले?" ते म्हणाले. "मोशे मरते. मी कोणाचं मरण वाचणार नाई, सूनबाई. प्रार्थनेले दहा पुरुष लागते ना? मले मोजणीत धरा. वाचायले नका धरू."

मला रागच आला, खोटं कशाला सांगू. मी आठ नारळांच्या दुधाचा हलवा घोटून हात मोडून घेतलेले, आणि हे असे. मग दिराची रिकामी खाट दिसली आणि मी कपबशी उचलून आत गेले.

सणाच्या सकाळी शेजारणीनं खुर्च्या पाठवल्या, "कथा हाय का वं?" म्हणून विचारूनही गेली. सासरे धरून बरोबर दहा पुरुष झाले. ते आतल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले, तेही आमच्याकडे पाठ करून. वाचायला उभा राहिला पोस्टातला एक तरुण. सेफेरमधल्या हिब्रूला ना काना ना मात्रा, त्यामुळे बिचाऱ्याला घाम फुटला. आमच्यात रीत अशी, की वाचणारा चुकला तर ज्याला कळेल त्यानं तिथल्या तिथे मोठ्यानं दुरुस्त करायचं.

तो चुकला. कोणालाच कळलं नाही. आणि दारातून खणखणीत आवाजात बरोबर शब्द आला, चालीसकट.

आम्ही बायका एकमेकींचे हात धरून बसलो. तो पुन्हा चुकला, पुन्हा दारातून आवाज आला. खरं सांगते, त्या दिवशी मी देवाकडे त्या पोराच्या चुका मागत होते. चौथ्या चुकीला खुर्ची सरकली.

"सरक गा बाजूले. असं वाचते का कोणी?"

उरलेलं त्यांनी वाचलं. मोशेचं मरणही वाचलं, लोक त्याच्यासाठी तीस दिवस रडले तेही वाचलं, आवाज न हलवता.

आणि मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मोठ्या गावात दुसरी सेफेर सुरुवातीवर लावून तयार असते. आम्ही एकच आणलेली, आणि हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता अख्खी गुंडाळी उलटी फिरवायची. गुंडाळीची एक दांडी ह्यांनी धरली, दुसरी सासऱ्यांनी.

अर्धा तास लागला. मघाशी मेलेला मोशे पुन्हा डोंगरावर गेला, वाळवंटात आला, समुद्राशी आला. सासरे ओळखून ओळखून सांगत होते, आणि त्यांचा आवाज चढत होता. नदीत टोपलीत ठेवलेल्या तान्ह्या मोशेपाशी त्यांनी दांडी थांबवली.

"एवढासा होता," ते म्हणाले. मोशेचं ते बोलत नव्हते, हे आम्हां सगळ्यांना कळलं. ह्यांनी मान खाली घातली. मी पदर तोंडाशी धरून उभ्या उभ्या रडले.

मग त्यांनीच दांडी फिरवली, पार सुरुवातीपर्यंत.

"तीस दिवसांत रडणं सरलं म्हणते यात," चष्मा पुसत ते म्हणाले. "माह्यं नाई सरलं. पण वाचतो मी."

आणि त्यांनी पहिला शब्द उचलला.