टास्मानियाचा डेव्हिल आणि आत्याचा पेला

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. बी.एस्सी. होऊन मध्ये पंचवीसहून अधिक वर्षे गेली होती. वर्गातली मुले मला आधी ‘मॅडम’ म्हणत, आणि मीही विद्यार्थिनीच आहे हे कळल्यावर ‘काकू’ म्हणू लागली. चारचौघांत बोलायचे म्हटले की माझ्या तळहातांना घाम येतो. म्हणून सेमिनारचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी मुद्दाम दूरचा, थेट टास्मानियाचा विषय घेतला. त्यावर आमच्या भोरच्या कॉलेजात कुणी उलटा प्रश्न विचारणार नाही, अशी माझी खात्री होती.

टास्मानियन डेव्हिल हा ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील बेटावरचा, पोटाच्या पिशवीत पिल्ले वाढवणारा मांसाहारी प्राणी. लहानशा कुत्र्याएवढा, काळा, छातीवर बहुधा पांढरा पट्टा, आणि मेलेले जनावर हाडांसकट संपवणारा जबडा. मादीला एका वेळी वीस-तीस पिल्ले होतात, तांदळाच्या दाण्याएवढी. पिशवीत स्तन मात्र चारच असतात. जी चार पिल्ले तिथवर आधी सरपटत पोहोचतात तेवढीच जगू शकतात. खाताना आणि जोडीच्या हंगामात हे प्राणी एकमेकांच्या तोंडाचे चावे घेतात, आणि गेली काही दशके त्या चाव्यांतून एक कॅन्सर पसरतो आहे. तोंडावर गाठी येतात, त्या फुटतात, खाणे अशक्य होते, आणि बहुतेक प्राणी काही महिन्यांतच मरतात. वाचता वाचता मला त्या कुरूप, भांडखोर जिवाचा लळा लागला.

“आधी घरच्यांसमोर बोलून बघा,” आमचे सर म्हणाले. सासरी बोलण्याचे धाडस नव्हते. माझे माहेर मार्गासनीला. तिथे वर्षावासात, पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत, दर रविवारी दुपारी बुद्धविहारात ग्रंथवाचन होते, आणि वाचनानंतर कुणीतरी चार शब्द बोलते. श्रावणातल्या एका रविवारी मी नसरापूर फाट्यावर गाडी बदलून पोहोचले, हातात आठ पाने घेऊन.

पहिली चार पाने मी मान वर न करता वाचली. बायका जांभया देत होत्या. पाचव्या पानावर कॅन्सर आला आणि सगळे सावरून बसले. मी मोबाईलवर त्या प्राण्याच्या सुजलेल्या तोंडाचा फोटो उघडला आणि तो हातोहात फिरू लागला. “आगं बया!” “आन् निस्तं चावल्यानं?” “ह्याचा त्याला, त्याचा ह्याला?” जन्मात पहिल्यांदाच माणसे माझे बोलणे कान देऊन ऐकत होती. मी ते पान दुसऱ्यांदा वाचले, पुढची दोन भरभर. तेवढ्यात शेवटच्या एस.टी.ची कुणीतरी आठवण केली, आणि आठवे पान न वाचताच मी कागद घडी करून पिशवीत टाकले.

फोटो फिरत होता तेव्हा भिंतीला टेकून माझी आत्या बसली होती. मिश्रीने तिच्या गालात कॅन्सर झाला होता; दीड वर्षापूर्वी पुण्यात ऑपरेशन होऊन खालच्या जबड्याचा तुकडा काढला, मग रेडिएशनचे शेक दिले. तिचा डावा गाल आत गेला आहे. बायका मोबाईलकडे बघत होत्या आणि मग तिच्याकडे. हे मला नंतर आठवले. त्या क्षणी मी स्वतःच्या आवाजावर खूश होते.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेले तेव्हा आत्या मागच्या पडवीत बसली होती. नवरा गेल्यापासून ती माझ्या भावाकडे असते. घरातल्या भाकऱ्या तिच्या हातच्या. त्या दिवशी भाकऱ्या वहिनी थापत होती. मी पाणी मागितले. हाताशी आला तो पेला उचलायला गेले तर वहिनी ओरडली, “वन्सं, तो नगं! तो आत्यांचा.” पेल्याच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. शेजारी तसाच ठिपका असलेली ताटली.

“हे कधीपासून?” मी विचारले.

वहिनीने माझ्याकडे आश्चर्याने पाहिले. “तुमीच तर सांगितलं की विहारात. एकाचा दुसऱ्याला होतो म्हून. घरात नातवंडं हायेत, वन्सं. म्या काय करू?”

मला रागावताही येईना. हीच वहिनी शेक चालू असताना महिनाभर आत्याबरोबर पुण्याला राहिली होती, तिच्या तोंडातली जखम रोज धूत होती. तेव्हा तिला भीती वाटली नाही. भीती मी आणून दिली होती, एम.एस्सी.च्या अधिकाराने.

आमच्या वस्तीत वेगळा पेला म्हणजे काय, हे कुणाला समजावून द्यावे लागत नाही.

मी तो पेला घेतला, पाण्याने भरला आणि पडवीत आत्यासमोर जाऊन ओठाला लावणार, तोच तिने माझे मनगट धरले.

“ठेव खाली.”

“आत्या, ह्याने काही होत नाही. सगळ्यांसमोर पिऊन दाखवते.”

“दाखवू नगं.” अर्ध्या जबड्यातून येणारे तिचे शब्द थोडे विरघळतात, पण त्या दिवशी एकेक लख्ख ऐकू आला. “तू पिलीस की तू धाडसाची ठरशील. ‘बघा, भाची कशी मायाळू.’ आन् म्या? म्या ऱ्हाईन रोगीच. लहानपणी हाटेलाच्या मागं आपल्यासाठी ठेवलेली फुटकी बशी बघितलीया म्या. तवा पण एखादा भला माणूस यायचा, आपल्या बशीतला चा प्यायचा आन् जायचा. बशी तितंच ऱ्हायची.”

मी पेला खाली ठेवला.

“तुझं ते काय शिक्षान हाय त्ये खरं का खोटं?”

“खरं आहे.”

“मग पुरतं सांग. जितं अर्धं सांगितलंस तितंच. आन् म्या म्होरं बसनार हाय.”

पुढच्या रविवारी मी ते राहून गेलेले, माणसांविषयीचे आठवे पान आधी वाचायचे ठरवले होते. समोर गेले, आणि पाहिले तर आत्या खरोखरच पहिल्या ओळीत, तोंडावर पदर न घेता बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा रिकामी. मी कागद बाजूला ठेवला. आवाज कापत होता, तो कापू दिला.

मी म्हणाले, “मागच्या वेळी माझ्याकडून अर्धेच सांगणे झाले. चूक माझी आहे, आत्याची नाही. तुमच्या घरातला कॅन्सर त्या माणसाच्या स्वतःच्या पेशी बिघडून होतो. त्या पेशी दुसऱ्याच्या अंगात गेल्या तर आपले शरीर त्यांना परक्या म्हणून ओळखते आणि मारते. डेव्हिलचे उलटे झाले आहे. कधीकाळी एका प्राण्याच्या बिघडलेल्या पेशी चाव्यातून दुसऱ्यात गेल्या आणि तिथे जगल्या. तो प्राणी केव्हाच मेला, त्याच्या पेशी अजून ह्या तोंडातून त्या तोंडात फिरत आहेत. स्वतःची ओळख लपवतात, म्हणून सापडत नाहीत. आणि बेटावरचे ते प्राणी एकमेकांच्या फार जवळच्या नात्यातले, म्हणून परके ओळखणे आणखी अवघड. असे जगात मोजक्याच प्राण्यांत घडते. माणसात आजारी माणसाच्या ताटात जेवून, त्याच्या पेल्यातून पिऊन कॅन्सर होत नाही.”

मागून शेळ्या राखणारे आमचे चुलते बोलले. “मास्तरीनबाई, एक इचारू का? माझ्या कुत्रीला मागल्या अंगाला गाठ आली, रगत गळतं. जनावराचे डाक्टर म्हनले, ह्यो कुत्र्या-कुत्र्यांत पसरनारा कॅन्सर हाय. ती टास्मानिया का काय, तितं गेली व्हती व्हय?”

सगळे हसले. पण चुलते बरोबरच बोलत होते. ‘तसे काही नसते, काका’ एवढे म्हटले असते तर विषय मिटला असता. मला खाली बसता आले असते. पण अर्धे सांगून काय होते ते मी पाहिले होते.

“डॉक्टर खरे सांगतात,” मी म्हणाले. “कुत्र्यांत असा एक कॅन्सर आहे, आपल्याकडेही आहे. तो मुख्यतः जोडी लागताना पसरतो, कुत्र्याचा कुत्र्याला. इंजेक्शनांनी बहुतेक वेळा बरा होतो, तिला सोडून देऊ नका. तुम्ही तिच्या अंगावरून हात फिरवता, तुम्हाला झाला का?”

“न्हाई बा.”

“होणारही नाही. मग जिचा कॅन्सर खरोखर पसरतो त्या कुत्रीला तुम्ही मांडीशी घेऊन बसता, आणि जिचा पसरत नाही त्या आत्याजवळ हातभर जागा सोडता. हे कसे?”

एवढे मोठ्याने मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. चुलते हटले नाहीत. “शास्त्र आज एक सांगतं, उद्या दुसरं. उद्या मानसात निघाला तर?”

उत्तर द्यायला मी तोंड उघडले, पण आत्या उठून उभी राहिली होती. “भाऊ, उद्याचं उद्या बघू. वेगळं भांडं ठेवनारे पन आसंच म्हनायचे, उद्या काय बाधलं तर? तवा तुमी त्यांना भ्याड म्हनायचा. म्या आइकलंय.”

चुलत्यांनी विषय सोडला. पटले म्हणून की आत्या मोठी म्हणून, मला सांगता येत नाही.

कुणीतरी विचारले, “आन् ती जनावरं? समदी मेली?” नाही, मी म्हणाले. बेटावरच्या संख्येचा मोठा भाग गेला, पण निरोगी प्राणी वेगळे काढून वाढवले आहेत, काही प्राणी रोग न पोहोचलेल्या दुसऱ्या बेटावर सोडले आहेत. आणि रानात थोड्या प्राण्यांची शरीरे आता त्या लपलेल्या पेशी ओळखू लागली आहेत. काहींच्या गाठी आपोआप विरल्या. फार थोड्या, पण विरल्या. “चिवट हायेत की,” आत्या म्हणाली, आणि त्या महिनाभरात मला पहिल्यांदाच तिच्या वाकड्या तोंडावर हसू दिसले.

वहिनी विहारातून आमच्याबरोबरच घरी आली. आत जाऊन तिने ठिपक्याचा पेला आणि ताटली इतर भांड्यांबरोबर घासायला टाकली, परातीत तांदळाचे पीठ काढले आणि पडवीकडे बघून म्हणाली, “आत्या, पीठ काढलंया.”

“तू खानार आसशील तर करते,” आत्या जागची हलली नाही. “निस्तं मला कामाला लावायला करनार न्हाई.”

वहिनीने क्षणभर माझ्याकडे पाहिले. माझे सांगायचे ते सांगून झाले होते.

“खाते की,” वहिनी म्हणाली.

आत्या चुलीपाशी बसली. पहिली भाकरी फुगली, ती वहिनीने उभ्याउभ्याच मोडली आणि ठेच्याबरोबर खाल्ली, थोडी घाईने, औषध घेतल्यासारखी. दुसरी मात्र खाली बसून खाल्ली. शेजारची एक बाई रोज त्या वेळेला गप्पांना यायची. ती त्या दिवशी आली नाही, आणि आजवर आलेली नाही. वहिनी दोनदा दाराकडे बघून आली.

“न्हाई आली तर न्हाई आली,” आत्या म्हणाली. “तू खा.” आणि तिने पुढची भाकरी तव्यावर टाकली.